विश्लेषण : पवना धरणाच्या काठापर्यंत गाडी नेणे ‘सोपे’, मग शेवटचे दोनशे मीटर अवघड का?

काळेवाडी फाट्यावरून सकाळी सहाला निघालेली गाडी आठच्या आत पवना धरणाच्या काठावर पोहोचू शकते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर आणि त्यातले जवळपास सगळे डांबरी. पाण्याजवळचा तुकडा तेवढा मातीचा. नेमका तोच तुकडा सध्या रील्समध्ये दिसतो : धुरळा उडवत उतरणारी एसयूव्ही, समोर निळे पाणी, मागे तिकोना नाहीतर तुंग आणि खाली ओळ, ‘पुण्याजवळचा सोपा ऑफ-रोड’. वाट सोपी आहे, यात खोटे काही नाही. पण पाण्याआधीच्या साधारण दोनशे मीटरमध्ये तीन गोष्टी एकदम बदलतात. जमिनीची मालकी बदलते, मातीचा स्वभाव बदलतो आणि पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारे पाणी तिथून सुरू होते.

नेमकी वाट कुठली?

कामशेतहून पवनानगर, म्हणजे स्थानिकांची काले कॉलनी, हा सर्वात वापरातला रस्ता. पवनानगरहून दोन फाटे फुटतात. एक ठाकूरसाई, दुधिवरे खिंडीच्या बाजूने लोहगड-विसापूरच्या पायथ्याला आणि पुढे लोणावळ्याकडे जातो. दुसरा तिकोना पेठ, जवण करत जलाशयाच्या दक्षिण बाजूने तुंगच्या दिशेने जातो. दोन्ही रस्त्यांवरून उजवी-डावीकडे पाण्याकडे उतरणाऱ्या मातीच्या गाडीवाटा आहेत. काही शेतावर जाणाऱ्या, काही गुरांच्या, काही तंबूवाल्यांनी जेसीबी लावून केलेल्या. यातल्या बहुतेक वाटांवर कोरड्या दिवसांत साधी हॅचबॅकही जाते.

‘पवना लेक’ हे अलीकडचे, पर्यटनाचे नाव. मावळात याला धरणच म्हणतात आणि हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. नैसर्गिक तळ्याचा काठ पिढ्यानपिढ्या एका जागी असतो, त्यावर झाडे असतात, मुळांनी माती धरलेली असते. धरणाचा काठ दर महिन्याला जागा बदलतो. पावसाळ्याअखेर पाणी जिथे टेकलेले असते तिथून ते मे महिन्यापर्यंत बरेच खाली सरकते. सौम्य उताराच्या खाचरांत तर काठ शंभर-दोनशे मीटर आत जातो. पाणी फारच ओसरले की वाघेश्वराचे जुने मंदिर बाहेर येते आणि ते पाहायला पुन्हा गर्दी होते. आज तुम्ही ज्या ‘बीच’वर गाडी उभी करता, तो दिवाळीत पाण्याखाली होता.

काळेवाडीचा या पाण्याशी संबंध काय?

थेट संबंध आहे. पिंपरी कॅम्पातून काळेवाडीत येताना जो पूल लागतो, त्याखालून हीच पवना वाहते. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तिथून महापालिका ते उचलते, निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध करते आणि शहरभर पाठवते. रोजचा हा उपसा सुमारे ५० कोटी लिटरचा. धरणाचा उपयुक्त साठा ८.५१ टीएमसी, म्हणजे साधारण २४ हजार कोटी लिटर. गुणाकार केला तर शहराचीच वर्षाची तहान साडेसहा टीएमसीच्या घरात जाते. पुढे शेती आहे, उद्योग आहेत, बाष्पीभवन आहे. २५ नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडमध्ये दिवसाआड पाणी का आले, याचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे. आता आंद्रा धरणाच्या पाण्याचीही जोड मिळाली आहे, पण मुख्य भार पवनेवरच आहे.

गंमत अशी, की तिथे नेली जाणारी गाडीही अनेकदा याच पट्ट्यात जन्मलेली असते. टाटा मोटर्सच्या पिंपरी कारखान्यातून हॅरिअर आणि सफारी निघतात. महिंद्राच्या चाकण कारखान्यातून स्कॉर्पिओ-एन, तर रांजणगावातून जीप कंपास. आठवडाभर शॉप फ्लोअरवर उभे राहणाऱ्या माणसाला रविवारी आपणच जोडलेली गाडी मातीत घालून बघावीशी वाटली, तर त्यात चूक काय? या विषयावर नाक मुरडणारे बरेच जण हे विसरतात.

‘सोपी’ वाट हे ठरवते कोण?

अमेरिकेत राष्ट्रीय वनांमधले प्रत्येक खाते नकाशा छापते. कोणत्या मातीच्या रस्त्यावर कोणत्या प्रकारचे वाहन, वर्षातले कोणते महिने नेता येईल, हे त्यात असते. २००५ च्या नियमानुसार नकाशात दाखवलेल्या वाटेबाहेर चाक घालणे हाच गुन्हा ठरतो. त्या वाटांना सोपी, मध्यम, अवघड अशी श्रेणी दिली जाते आणि ती श्रेणी कोरड्या दिवसांपुरती आहे, हेही तिथे गृहीत असते. आइसलँडमध्ये तर रस्ता सोडून गाडी घालायला कायद्यानेच बंदी आहे. तिथल्या शेवाळाच्या गालिच्यावर उमटलेले चाकाचे वण बुजायला दशके लागतात.

आपल्याकडे पवनेच्या काठच्या एकाही गाडीवाटेला अशी सरकारी श्रेणी नाही. ‘सोपी’ हा शिक्का कुणीतरी फेब्रुवारीतल्या एका सकाळी, आपल्या गाडीने, आपल्या हिमतीवर मारलेला असतो. मग तोच व्हिडीओ जूनमध्ये फिरतो. वाटेचे वर्णन म्हणून जे सांगितले जाते, ते खरे तर एका दिवसाचे वर्णन असते.

महिन्यांचा हिशेब इथे उलटा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धरण भरलेले असते, पाणी गवतापर्यंत टेकलेले असते. उतार ओला असतो, पण पायाखालची जमीन जुनी आणि बसलेली असते. एप्रिल-मेमध्ये सगळे कोरडे ठणठणीत दिसते आणि गाडी आणखी पुढे, पार पाण्याच्या कडेला नेण्याचा मोह होतो. गाड्या अशाच वेळी रुततात.

कोरडा दिसणारा काठ गाडी का गिळतो?

धरणात डोंगरावरून दरवर्षी माती येते. जाड खडे नदीच्या तोंडाशीच बसतात. बारीक गाळ पसरत जातो आणि संथ पाण्यात थरावर थर साचतो. पाणी ओसरले की वरचा पापुद्रा दोन-चार दिवसांत उन्हाने कडक होतो, त्याला भेगा पडतात आणि तो फरशीसारखा दिसतो. खाली मात्र पाणी शेजारीच असते. बारीक गाळात पाणी केशाकर्षणाने वर चढत राहते, तेही हातभर खोलीवर. म्हणजे वर पापड आणि खाली लापशी.

सॉइल मेकॅनिक्सचा तास बुडवलेल्यांनाही पुढचे गणित जमेल. एसयूव्हीचे वजन माणसांसह १,८०० किलो धरू, म्हणजे एका चाकावर ४५० किलो. टायरमधला दाब ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. टायर जमिनीवर ढोबळमानाने आपल्या हवेच्या दाबाइतकाच दाब देतो. म्हणून प्रत्येक चाक सुमारे २०० चौरस सेंटिमीटरवर, तळहातापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर टेकलेले असते. ७० किलोचा माणूस दोन पायांवर उभा असताना जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम २०० ग्रॅम दाब पडतो. गाडीचा दाब त्याच्या दहा-अकरा पट. चालताना सगळे वजन एका पायावर आले तरी गाडी पाच-सहा पट जड पडते. म्हणून ‘आम्ही चालत जाऊन बघितले, जमीन टणक आहे’ हा पुरावा अर्धाच.

माहीतगार लोक मातीत उतरण्याआधी टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवतात. टेकण्याची जागा २०० वरून साधारण ३५० चौरस सेंटिमीटरवर जाते आणि गाडी पापुद्र्यावर तरून राहण्याची शक्यता वाढते. पण परत डांबरीवर येताना हवा भरायला पंप सोबत हवा. मऊ टायरवर द्रुतगती मार्गाला लागणे म्हणजे टायर तापून फुटण्याला आमंत्रण.

पापुद्रा एकदा फुटला, की चाक जागेवर फिरू लागते. चालक घाबरून रेस वाढवतो. फिरते चाक स्वतःसाठी खड्डा खणते आणि दोन मिनिटांत गाडीचे पोट गाळावर टेकते. आता चाकांवर वजनच उरत नाही, त्यामुळे चारही चाके फिरली तरी उपयोग शून्य. जमीन तपासायची साधी युक्ती गुराख्यांकडे असते : काठी किंवा लोखंडी सळई हाताने दाबायची. वीतभर खोलीनंतर ती लोण्यात सुरी जावी तशी गेली, तर गाडी तिथेच थांबवायची.

गाडी एसयूव्ही आहे, मग भीती कशाची?

पहिला गैरसमज : एसयूव्ही म्हणजे फोर-बाय-फोर. डिझेल हॅरिअर आणि सफारी या दणकट दिसणाऱ्या गाड्यांचे इंजिन फक्त पुढची दोन चाके फिरवते. जानेवारी २०२३ पासून थारसुद्धा फक्त मागची चाके ओढणाऱ्या स्वस्त प्रकारात मिळते. बाहेरून दोन्ही थार सारख्याच. गाडी विकत घेताना वाचवलेले पैसे काठावर आठवतात. खऱ्या ऑफ-रोड गाडीत लो-रेंज गिअर असतो. तो वेग कमी करून चाकावरची ताकद वाढवतो आणि उताराला इंजिनच गाडी धरून ठेवते.

दुसरा गैरसमज जास्त घातक : फोर-बाय-फोर गाडी कुठेही थांबते. फोर-बाय-फोर ताकद चार चाकांना देते. ब्रेक तर साध्या हॅचबॅकलाही चारही चाकांना असतात. थांबणे टायर आणि जमीन यांच्यातल्या घर्षणावर ठरते. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ च्या वर असतो, ओल्या गवतावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत उतरतो. म्हणजे ११ ते १७ अंशांपेक्षा जास्त उताराच्या ओल्या गवतावर ब्रेक पूर्ण दाबून चाके लॉक केली, तरी गाडी खाली घसरत राहील. हा उतार डोळ्यांना किरकोळ वाटतो. पाण्याकडे उतरणाऱ्या कितीतरी वाटा याच पट्टीत बसतात आणि घसरगुंडीच्या टोकाला पाणी असते.

तिसरा आकडा माहितीपत्रकातला. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर, म्हणजे गुडघ्याच्या वर पाणी. हा आकडा स्थिर पाण्यात, टणक तळावर, चालण्याच्या वेगाने जाण्यासाठी असतो. वाहत्या ओढ्याला तो लागू नाही. चार मीटर लांब, १.७ मीटर रुंद गाडीचे पोट सुमारे सात चौरस मीटरचे. पोटाच्या वर चढणारे दर दहा सेंटिमीटर पाणी गाडीला सहा-सातशे किलोने वर उचलते, निदान आत पाणी शिरेपर्यंत. पाणी साधारण अर्ध्या मीटरवर आले की पावणेदोन टनांची गाडी जवळपास तरंगू लागते, चाकांची पकड सुटते आणि मग प्रवाह म्हणेल तिकडे जाते. अमेरिकेचा हवामान विभाग तर सांगतो, की वाहते पाणी ३० सेंटिमीटर असले तरी लहान गाड्या तरंगतात आणि ६० सेंटिमीटरला बहुतेक एसयूव्ही वाहून जातात. धरणाला येऊन मिळणारे ओढे जुलैत अर्ध्या तासात एवढे वाढतात.

इंजिनात पाणी शिरले तर खर्च वेगळाच. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कलम घ्यावे लागते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघू नये, ती ढकलून बाहेर काढावी.

तरीही एक गोष्ट सांगायला हवी. सह्याद्रीतले मोठे अपघात मातीच्या वाटेवर कमी आणि डांबरी घाटात जास्त होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताम्हिणी घाटात थार दरीत कोसळून पुणे परिसरातले सहा तरुण गेले. तो रस्ता कुठल्याही व्याख्येने ‘ऑफ-रोड’ नव्हता.

काठावरची जमीन कुणाची?

डांबरी रस्त्यावरून पाण्याकडे उतरताना तुम्ही बहुधा तीन मालकांच्या जमिनीवरून जाता. आधी खासगी शेत किंवा माळ लागतो. तिथे मालकाची परवानगी असेल तर प्रश्न नाही, तंबूवाले पार्किंगचे पैसे घेतात ते इथे. डोंगराच्या अंगाला काही ठिकाणी वन खात्याची हद्द येते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात परवानगीशिवाय घुसणे गुन्हा आहे, मग वाट कितीही मळलेली असो. आणि शेवटी, पूर्ण संचय पातळीच्या आतली जमीन, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी पट्टी. धरण बांधताना ती संपादित झाली. ती जलसंपदा विभागाची आहे, तंबूवाल्याची नाही. तिथे जायला त्याने पैसे घेतले असतील, तरी ती परवानगी देण्याचा अधिकार त्याला नाही.

शहरातून येणाऱ्याला ही पट्टी रिकामी वाटते. मावळातल्या माणसाला ती तशी वाटत नाही. राज्यभरातल्या धरणांवर उन्हाळ्याकडे उघड्या पडणाऱ्या अशा जमिनीला गाळपेर म्हणतात आणि ती एका हंगामापुरती कसायला देण्याची जुनी पद्धत आहे. त्यात पहिला मान धरणग्रस्तांचा. पवना धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले. धरणग्रस्त खातेदार १,२०३. त्यातल्या ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली आणि उरलेल्या ८६३ खातेदारांचा प्रश्न पन्नास वर्षे कागदावर फिरत राहिला. मोर्चे झाले, धरणावर आंदोलने झाली. ज्या कुटुंबाची भातखाचरे पाण्याखाली गेली, त्याच खाचरांचा तुकडा चार महिने वर येतो आणि त्यावर कुणी गाडीने गोल-गोल नक्षी काढतो. व्हिडीओत ती नक्षी छान दिसते, एवढेच.

यामागे आणखी एक न भरलेली जखम आहे. पवना धरणातून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात मावळचे तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. प्रकल्प त्यानंतर वर्षानुवर्षे रखडला. जमीन आमची गेली आणि पाणी शहराला, ही भावना इथे चहाच्या टपरीवरही ऐकू येते. गाडीचा नंबर मावळचा असो की काळेवाडीचा, एमएच-१४ च असतो. पण कोण कुठला, हे गावात लगेच कळते.

पोलीस कारवाई कशाखाली करतात?

‘ऑफ-रोड’ नावाचा वेगळा कायदा नाही, पण त्याने सुटका होत नाही. मोटार वाहन कायद्यातली ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे फक्त रस्ता नव्हे. लोकांना जिथे जायचा हक्क आहे, अशी कुठलीही जागा त्यात येते. धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्यास कलम १८४ लागते. दारू पिऊन चालवल्यास कलम १८५, पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. उत्पादकाच्या मूळ रचनेत परवानगीविना बदल केल्यास कलम ५२ आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ रचना बदलता येणार नाही, हे पुन्हा स्पष्ट केले. बुलबारवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच बंदी आणली. काठावर दिसणाऱ्या सजवलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या या कसोटीवर टिकणार नाहीत.

डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये वाहतूक कोंडी टाळायला एकाने थार सरळ चंद्रा नदीत घातली. व्हिडीओ पसरला आणि हिमाचल पोलिसांनी मोटार वाहन कायद्याखालीच चलन केले. २०२२ मध्ये लडाखच्या पँगाँग सरोवरात ऑडी फिरवणाऱ्यांचा व्हिडीओ असाच देशभर गाजला होता. पुरावा दोन्ही वेळी कॅमेऱ्यानेच पुरवला.

पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिबंधात्मक आदेशही असतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर मावळ-मुळशीतल्या पाण्याच्या जागांवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निर्बंध लागतात. ते दरवर्षी नव्याने निघतात, तारखा आणि ठिकाणे बदलतात. त्यामुळे निघण्याआधी त्या आठवड्याचा आदेश बघणे गरजेचे.

गाड्यांमुळे आपले पाणी खराब होते का?

इथे अतिशयोक्ती फार होते. एखाद्या गाडीतून गळलेले थोडे ऑइल २४ हजार कोटी लिटर पाण्यात शोधूनही सापडणार नाही. शहराच्या पाण्याचा मोठा शत्रू काठावरची थार नाही. तंबूंच्या गर्दीमागची सोय नसलेली शौचालये, रिसॉर्टचे सांडपाणी, धरण ते रावेत या टप्प्यात नदीला मिळणारे गावोगावचे नाले, हे त्याहून कितीतरी मोठे. काळेवाडीजवळ दरवर्षी पसरणारी जलपर्णी याच सांडपाण्यावर पोसते.

गाडीचे नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. चाकोरी पडली की पहिल्या पावसात तिची घळ होते. घळीतून वरची माती धरणात उतरते आणि साठवण तेवढी कमी होते. गवताची मुळे तुटलेला उतार पुन्हा धरायला वेळ लागतो. एका गाडीने फरक पडत नाही. पण एका रीलमागे गाड्यांची रांग लागते.

याला पर्याय आहे का?

साताऱ्याच्या कास पठाराचे उदाहरण जवळचे आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्यावर तिथे गर्दी उसळली. मग फुलांच्या हंगामात गाड्या लांब उभ्या करायच्या, शुल्क भरायचे, ठरावीक संख्येनेच आत जायचे, अशी व्यवस्था गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत लागली. वाद झाले, अजूनही होतात. पण पठारावर गाडी घालायची नसते, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

पवनेला एवढेही नको. पूर्ण संचय पातळीच्या वर ग्रामपंचायतींनी वाहनतळ करावेत, शुल्क त्यांनी घ्यावे, खाली फक्त पायवाट. जलसंपदा विभागाने हद्दीवर चर मारला, तरी अर्धे काम होईल. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात व्यावसायिकांची नोंदणी आणि सुरक्षेचे निकष आहेत. ज्यांना खरोखर चिखलातच गाडी शिकायची आहे, त्यांच्यासाठी इगतपुरीला महिंद्राची प्रशिक्षण अकादमी आहे. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते. तिथे आखलेली वाट असते, सोबत बचाव पथक असते आणि रुतलेली गाडी काढायची तयारीही असते.

लोहगड जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला आहे. पवनेच्या या बाजूची गर्दी आता वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यामुळे हद्दी आखायच्या असतील, तर त्या येत्या एक-दोन हंगामांतच आखाव्या लागतील.

गाडी रुतलीच तर काय करायचे?

पहिले, रेस देणे थांबवा. सगळ्यांना खाली उतरवा आणि सामान काढा, तेवढेच शंभर-दोनशे किलो कमी होतात. टायरची हवा आणखी उतरवा. चाकाच्या पुढची-मागची माती हाताने किंवा फावड्याने उतरती करा, पायपुसणी किंवा वाळलेल्या फांद्या खाली घाला आणि ज्या वाटेने आलात त्याच चाकोरीतून उलट मागे निघायचा प्रयत्न करा. पुढे जाऊन वळून येऊ, हा विचार नको, पुढे जमीन आणखी मऊ असते.

दोन प्रयत्नांत निघाली नाही तर ट्रॅक्टर बोलवा. टोचन लावताना दोरी किंवा साखळी बंपरला, ॲक्सलला अडकवू नका. गाडीला पुढे-मागे त्यासाठीच दिलेला हूक असतो, अनेक गाड्यांत तो जॅकच्या सामानात ठेवलेला असतो आणि बंपरवरचे झाकण काढून पिळून बसवावा लागतो. ताणलेली दोरी तुटली तर चाबकासारखी येते, म्हणून बघ्यांना दोरीच्या लांबीच्या दीडपट मागे उभे करा. पाणी वाढत असेल किंवा अंधार पडत आला असेल, तर गाडी सोडा, माणसे वर न्या आणि ११२ ला फोन करा. मावळात अशा वेळी लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक मावळ यांचे स्वयंसेवक पोलिसांसोबत धावून येतात. काठावर काही खोलगट जागी मोबाइलला रेंज नसते, फोन लावायला रस्त्यापर्यंत चढून यावे लागते.